टर्मिनल सातवरचा माणूस

प्रिय वहिनी,

रविवारी मी अर्ध्या ताटावरून उठलो तेव्हा दादाला वाटलं माझं पोट बिघडलंय. आईला वाटलं मी कुणाच्या तरी प्रेमात पडलोय. मी चाळिशीला टेकलो तरी माझ्या प्रत्येक दुखण्यामागे तिला हेच एक कारण दिसतं. तू काहीच विचारलं नाहीस. उरलेलं जेवण डब्यात भरून दाराशी माझ्या हातात ठेवलंस आणि "सावकाश जा" म्हणालीस. त्या दोन शब्दांनी मला चार दिवस धड बसू दिलेलं नाही, म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. दोन वाक्यं झाली की "बरं भावजी, ते राहू दे" म्हणून विषय गुंडाळशील. ड्युटी संपून तासभर झालाय, विश्रांतीच्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही, खाली आवारात नुकत्याच धुतलेल्या चार अ‍ॅम्ब्युलन्स निथळत उभ्या आहेत. माझं अक्षर तुला माहीत आहे. जमेल तसं वाच.

आधी जरा मागचं लिहितो, कारण ते तुझ्या तोंडावर मी कधी बोललो नाही. आमच्या नियंत्रण कक्षाची नवी यंत्रणा बांधायचं काम तुझ्या कंपनीकडे आलं आणि त्याची प्रमुख म्हणून तू आमच्याकडे आलीस, त्याला साडेतीन वर्षं झाली. आम्हाला वाटलं होतं, बाई येतील, पडद्यावर रंगीत चौकोन दाखवतील, चहा पिऊन जातील. आधीच्या कंपनीचे लोक तसेच आले होते. तू अकरा दिवस आमच्यामध्ये खुर्ची टाकून बसलीस. मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. फोन घेणारी मुलगी बटण दाबते तिथपासून ड्रायव्हरच्या मोबाइलवर टिंग वाजतं तिथपर्यंत किती सेकंद जातात, ते तू प्रत्येक कॉलला लिहीत होतीस. आमच्या साहेबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आमची सरासरी सहा सेकंदांची आहे. तू म्हणालीस, "सरासरी नको. शंभर कॉलमधला सगळ्यात हळू कॉल दाखवा. तोही कुणाचा तरी आहे." तो कॉल निघाला एक्केचाळीस सेकंदांचा. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि त्या दिवसापासून तुला "मॅडम" म्हणायला लागले. त्याआधी "अहो, त्या कॉम्प्युटरवाल्या" म्हणत होते.

एक्केचाळीस सेकंद का लागतात, ते तूच शोधलंस. आमचं एक बटण दाबलं की निरोप कुठल्याशा लांबच्या शहरातल्या एकाच संगणकाकडे जायचा, आणि एकदा नाही, चार-चार हेलपाटे घालायचा. तिथे गर्दी असली की आमची माणसं इथे रस्त्यावर पडून असायची. तू सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलंस, तीन ठिकाणी, त्यातली दोन आपल्याच शहराच्या दोन टोकांना, म्हणजे हेलपाटा जवळचा. घरी जेवताना आईने विचारलं होतं की ढगावर ठेवलेलं खाली कसं येतं, आणि तू तिच्यासमोर तीन कप मांडलेस. तिन्ही ठिकाणी एकच वही, तिन्हीकडे एकच नोंद. दोघांनी "लिहिलं" म्हटलं की नोंद पक्की, तिसऱ्यासाठी थांबायचं नाही. एक बंद पडला तरी उरलेले दोघं काम चालू ठेवतात. आई कपांकडे बघत म्हणाली, "म्हणजे एका घरातल्या तीन जावा. दोघींचं एकमत झालं की तिसरीला मान हलवावीच लागते." तू इतकी हसलीस की दादाने पाण्याचा पेला पुढे केला. नंतर ऑफिसात तू ते तसंच सांगितलंस, आणि तुझ्या हाताखालच्या मुलांना वाटलं तू प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल बोलतेयस. पंधरा मिनिटं ती वाद घालत होती म्हणे.

मला या कामातलं तांत्रिक फारसं कळत नाही. लग्न होऊन तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, तुझा संगणक उघडून त्यातलं काहीबाही काढून ठेवायचो, आणि तू मला लुडबुड्या म्हणायचीस. तेवढंच माझं शिक्षण. पण तुझी बांधणी मला माणसांच्या वागण्यासारखी कळत गेली. तू म्हणायचीस, दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ताटकळायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं. आणि पडलेल्याला सगळ्यांनी एकदम हाका मारायच्या नाहीत, थोडं थांबून, वेगवेगळ्या वेळी मारायच्या, नाहीतर तो उठताउठता पुन्हा पडतो. नकाशा दिसला नाही तरी चालेल, पण पत्ता दिसलाच पाहिजे. पत्ता दिसला नाही तर निदान फोन नंबर. काय आधी सोडून द्यायचं आणि काय शेवटपर्यंत धरून ठेवायचं याची यादी तू आमच्याबरोबर बसून केलीस. ड्रायव्हरांनाही बोलावलंस. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने, ज्याला आम्ही मामा म्हणतो, तुला सांगितलं की कितवा मजला ते कळलं नाही तर सगळं फुकट. दुसऱ्या दिवशी पडद्यावर मजल्याचा रकाना पत्त्याच्या वर आला होता. मामाने तो आपल्या मोबाइलवर बायकोला नेऊन दाखवला.

आणि त्या तालमी. भरदिवसा, कामाच्या वेळी, त्या तीनपैकी एक केंद्र मुद्दाम बंद पाडायचं हे तुझं वेड ऐकून साहेब खुर्चीतून उठले होते. "मॅडम, चालू गाडीचं चाक काढता का?" तू शांतपणे म्हणालीस, "चाक कधीतरी निखळणारच आहे. आपण सगळे जागे असताना, हातात पाना असताना निखळू दे." पहिल्या तालमीला आम्ही सगळे घामाघूम. दुसरीच्या वेळी फक्त साहेबांना माहीत होतं. पाचव्या वेळी तू दुपारी सहज कक्षात आलीस, आमच्याबरोबर चहा घेतलास आणि विचारलंस, "सकाळी साडेअकराला एक केंद्र बंद होतं. कुणाला जाणवलं?" कुणालाच नाही. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी याआधी फक्त एकदाच पाहिलंय, आईचं ऑपरेशन पार पडल्यावर डॉक्टर बाहेर आले तेव्हा. मला त्या दिवशी सगळ्यांना अभिमानाने ओरडून सांगावंसं वाटलं की ही माझी वहिनी आहे. सांगितलं नाही. का, ते पुढे लिहितो.

आता तो दोन महिन्यांपूर्वीचा मंगळवार. सकाळचे दहा बेचाळीस. त्या क्षणी मी खुर्चीतच होतो, मुख्य पर्यवेक्षक म्हणून. पडदे एकदा मिटले आणि उघडले. वरच्या बाजूला नारिंगी पट्टी आली, "दुसऱ्या केंद्रावरून चालू". बाजूच्या नव्या मुलीने विचारलं, "तालीम आहे का?" मी म्हणालो, "असेल." आणि आम्ही कामाला लागलो. वीस मिनिटांनी सहज तुला फोन केला, की यावेळी सांगितलंही नाहीस. तू म्हणालीस, "भावजी, ही तालीम नाही. उत्तरेकडच्या केंद्रात आग विझवायची पाण्याची नळी फुटलीय, सगळी वीज तोडावी लागली. तिकडे आत्ता अंधार आहे." मी कक्षाकडे पाहिलं. बावीस माणसं फोनवर बोलत होती, गाड्या सुटत होत्या, कुणीतरी खोकत होतं. अख्खं केंद्र पाण्यात गेलं होतं आणि आमच्याकडे नऊ सेकंदांपलीकडे काही अडलं नव्हतं. एक नोंद हरवली नाही, एकही नाही. वहिनी, बावीस वर्षं या कामात काढलेल्या मामाने त्या दिवशी मला सांगितलं की पूर्वी असं झालं असतं तर दिवसभर कागदावर पत्ते लिहून पळावं लागलं असतं आणि किती जण राहून गेले ते कधी कळलंच नसतं. त्या तासात एकसष्ट कॉल आले. साठ जणांपर्यंत गाडी वेळेत पोचली.

एकसष्टावे ते निवृत्त बस ड्रायव्हर. तुला त्यांचं सगळं माहीत आहे, तरी मी लिहिणार आहे, कारण माझ्या हाताने ते आजपर्यंत कुठेच लिहिलं गेलं नव्हतं. त्या नऊ सेकंदांत काही फोन मध्येच तुटले. लोकांनी पुन्हा लावले. म्हणजे एकाच अडचणीच्या दोन-दोन नोंदी आल्या. एक माणूस दोनदा बोलतोय की दोन माणसं बोलतायत हे यंत्राला ठरवता येत नाही, ते आम्ही ठरवायचं आणि जादा नोंद बंद करायची, असं तूच आम्हाला शिकवलं होतंस. मी चार जादा नोंदी बंद केल्या, चारही बरोबर. पाचवी आली तेव्हा इमारतीचं नाव तेच, मजलाही तिसराच, "घरात पडलेत, बोलत नाहीत" हेही तेच. आधीच्या नोंदीवर गाडी निघाली होती. मी जादा म्हणून दुसरी बंद केली. पहिली नोंद एका आजीबाईंची होती, इमारतीच्या पुढच्या जिन्यावरची. दुसरी त्या ड्रायव्हरांची, मागच्या जिन्यावरची. त्यांची मुलगी गाडीची वाट बघत बसली. खाली अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज आला म्हणून ती गॅलरीत गेली, आणि ती गाडी दुसऱ्याच कुणाला घेऊन गेली. अकरा मिनिटांनी तिने पुन्हा फोन केला. मग गाडी गेली. त्यांचा जीव वाचला, पण उजवा हात आणि बोलणं अजून परत आलेलं नाही.

तिची तक्रार आली, चौकशी समिती बसली, आणि तू अहवाल दिलास. माझ्या हातात तो या सोमवारी पडला, साहेबांच्या टेबलावर. तू लिहिलं आहेस: "टर्मिनल सातवरून नोंद जादा समजून बंद करण्यात आली. दोन नोंदींमधला फरक पडद्यावर पुरेसा स्पष्ट नव्हता. हा रचनेतला दोष असून त्याची जबाबदारी माझी आहे." टर्मिनल सातवर गेली सहा वर्षं कोण बसतं हे तुला माहीत नाही असं कोण म्हणेल? त्या खुर्चीत बसून माझी पाठ दुखते म्हणून घरून उशी तूच पाठवली होतीस. साहेबांनी मला सांगितलं की समितीने तुला सरळ विचारलं, तिथे कोण होतं. तू म्हणालीस, "कुणीही असतं तरी हेच झालं असतं. माणूस चुकेल हे धरूनच बांधायचं असतं. मी त्यात कमी पडले." म्हणजे रविवारी तू मला वाढत होतीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मला वाटत होतं की मीच काहीतरी लपवून बसलोय. अहवाल वाचायच्या आधीच माझ्याने घास गिळवला नव्हता, वाचल्यावर काय झालं ते लिहीत नाही.

दादाने परवा फोनवर सांगितलं की येत्या सोमवारी राजीनामा देऊन तू हे काम सोडतेयस. ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीत जाणार आहेस, कारण तिथे उशीर झाला तर फक्त बुटांना उशीर होतो, असं तू कप विसळता विसळता म्हणालीस. दादा दिवसभर लोकांच्या दातांच्या कवळ्या बनवत, घासत बसणारा माणूस, त्याला वाटलं तू विनोद केलास. मला कळलं की नाही केलास.

आता जे तू अहवालात लिहिलं नाहीस ते. दोन वर्षांपूर्वी, पडद्यावर काय दिसावं ते ठरवायच्या बैठकीत, जादा नोंद बंद करण्याआधीची एक पायरी तू मांडली होतीस. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी दिसतील, फोन नंबर ठळक दिसतील, ते वेगळे असतील तर दोघांनाही परत फोन करून विचारल्याशिवाय नोंद बंदच होणार नाही. कक्षाच्या वतीने बोलायला मी होतो. मी म्हणालो, "मॅडम, सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी तुम्ही भांडता, आणि इथे आम्हाला अर्धा मिनिट थांबवता? आम्ही काय लहान मुलं आहोत का, आम्हाला दोन नोंदी ओळखता येत नाहीत?" सगळे हसले. तू लगेच हो म्हणाली नाहीस. माझ्याकडे बघत विचारलंस, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." तू ती पायरी काढलीस, कारण खुर्चीत बसणाऱ्याचं ऐकायचं हा तुझाच नियम होता. इतिवृत्तात लिहिलंय, "चर्चेअंती ही पायरी वगळण्यात आली." कुणाच्या चर्चेअंती ते नाही.

खरं सांगू का, मला तुझं पटलं होतं. त्या महिन्यात कक्षातली मंडळी मला "वहिनींचा माणूस" म्हणून चिडवत होती. जेवणाच्या सुट्टीत मी आलो की गप्पा थांबायच्या. मला एकदा सगळ्यांसमोर तुझ्याविरुद्ध बोलायचं होतं, कशावरही, आणि नेमकं तेच हाताशी आलं. त्या दिवशी मी घरी येताना शीळ घालत आलो होतो. साडेतीन वर्षांत मी एकदाही कुणाला अभिमानाने सांगितलं नाही की ही यंत्रणा माझ्या वहिनीने बांधलीय. आज सकाळी सांगितलं, पण उशिराच.

काल दुपारी मी त्या ड्रायव्हरांच्या घरी गेलो. मागच्या जिन्याने, तिसऱ्या मजल्यावर. मुलीने दार उघडलं. मी कोण ते सांगितलं, आणि त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं, पायरीचंही. ते डाव्या हाताने रबराचा चेंडू दाबत बसले होते. माझ्याकडे बघत राहिले, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. मुलीने त्यांच्या मांडीवरची चादर नीट केली. मग म्हणाली, "माझ्या तक्रारीला उत्तर आलं त्यात एका बाईंनी सगळी चूक स्वतःवर घेतली होती. मला तेव्हाच खटकलं होतं. तुम्ही हे कागदावर लिहून द्याल?" मी हो म्हणालो. तिने मला क्षमा केली नाही आणि मी मागितलीही नाही. निघताना तिने पाणी विचारलं, मी प्यालो.

आज सकाळी नऊ वाजता तो कागद समितीला दिला. बैठकीत काय झालं, कुणी काय म्हटलं, मी काय म्हणालो, पायरी कुणामुळे गेली, सगळं लिहिलं आणि खाली सही केली. त्या बैठकीला असलेल्या मामानेही, मी न सांगता, साक्षीदार म्हणून सही केली. निर्णय होईपर्यंत मला त्या खुर्चीवरून उठवून जुन्या नोंदवह्यांच्या कामाला बसवलं आहे, ते योग्यच आहे, पुढे काय होईल ते होवो. आईला अजून काही बोललेलो नाही, ते मीच सांगेन, तू सांगू नकोस. समिती तुला उद्या किंवा परवा बोलावेल. तिथे समोर कागद ठेवल्यावर तुला हे कळावं आणि तू पुन्हा मला सांभाळून घ्यायला उभी राहावीस असं मला नको होतं, म्हणून हे पत्र आजच मामाच्या हाती घरी पाठवतोय. तू काम सोडू नकोस असं मी म्हणणार नाही, तेवढं म्हणायचा अधिकार मी माझ्या हाताने घालवलाय. सोमवारी राजीनामा द्यायचा तर दे, बूट विकायचे तर वीक, आपल्या घरात तुला कुणी काही विचारणार नाही. पण जे ठरवशील ते पूर्ण माहितीवर ठरव, वहिनी. इतके दिवस ती माझ्यापाशी अडकून होती.

तुझाच,
लुडबुड्या